तुरट, आंबट, गोड: वाइनची पहिली ओळख

दिंडोरी तालुक्यात माझ्या आत्याची द्राक्षबाग आहे. सगळा माल खायचा, थॉमसन. बांधापलीकडच्या शेतात मात्र वाइनची द्राक्षं होती. शाळेत असताना फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही भावंडांनी बांध ओलांडून त्यातला एक घड तोडला. मणी जेमतेम वाटाण्याएवढे, काळेशार. तोंडात टाकल्यावर आधी गोडी लागली, आत्याच्या द्राक्षांपेक्षाही जास्त. मग साल चावली, बी फुटली आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळली. सगळ्यांनी एकदमच थुंकलं. पुढे कित्येक वर्षांनी लाल वाइनचा पहिला नीट घोट घेतला तेव्हा तीच चव ओळखीची वाटली. साल आणि बी.

गेली काही वर्षं मी घरी नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना वाइन चाखायला बसवतो. पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात धास्ती असते. फ्रेंच नावं उच्चारता येत नाहीत, ग्लास कसा धरायचा ठाऊक नाही, आणि लोक सांगतात तसले वास आपल्याला येतील का याची शंका. मला वाटतं, मराठी जिभेला वाइन इतरांपेक्षा सोपी जायला हवी. लाल वाइनमध्ये टॅनिन नावाचा घटक असतो. इंग्रजी पुस्तकांना तो समजावून सांगताना बराच घाम गाळावा लागतो. आपल्याकडे त्याला रोजच्या वापरातला शब्द आहे: तुरट. आवळा, सुपारी, जांभूळ खाऊन वाढलेल्या माणसाला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं बरंच ऐकू आलं. हे खरं नाही. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला तर सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. ३० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये ते १० ग्रॅम असतं. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा दीड पेग झाला. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे हृदयासाठी चांगली म्हणून कोणी वाइन सुरू करू नये. जो पीत नाही त्याला आग्रह नको. गरोदरपणात, यकृताचा त्रास असताना किंवा औषधं चालू असताना तर विषयच नको. महाराष्ट्रात वयाची अट आहे आणि मद्य प्यायला परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, तो मागून घ्या.

रसाची वाइन होते कशी

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. वाइनचा पाया एवढाच आहे. रसात पाणी घालत नाहीत, दारू वेगळी ओतत नाहीत (एक प्रकार सोडून, त्याबद्दल पुढे). लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. १३ टक्क्यांची वाइन हवी असेल तर रसात लिटरमागे २२० ग्रॅमच्या आसपास साखर लागते. म्हणूनच बांधापलीकडची द्राक्षं इतकी गोड होती.

खायच्या द्राक्षाचं सगळं गणित वेगळं. तिथे मण्यांची फुगवण हवी, साल पातळ हवी, बी नको. वाइनला मणी बारीक हवा, कारण मणी जितका बारीक तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त, आणि रंग, तुरटपणा व सुगंधाचा मोठा वाटा सालीत असतो. आत्याच्या थॉमसनची चांगली वाइन का होत नाही, याचं उत्तर हेच.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान काढणी होते. आपल्याकडे ती झोपतच नाही आणि मधे पावसाळा उभा असतो. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरता ओसरता गोडी छाटणी. माल जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतो. नाशिकच्या थंडीचा इथे फायदा होतो. दिवसा ऊन असतं, त्यात साखर भरते. रात्री निफाड, दिंडोरीकडे पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो, आणि त्या गारव्यात द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. आंबटपणाशिवाय वाइन म्हणजे लिंबू न पिळलेली भेळ.

महाराष्ट्रात हा धंदा १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने सुरू केला आणि तिथली फेसाळ वाइन परदेशात गेली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये सोव्हिन्यॉ ब्लांक आणि शेनिन ब्लांक या जाती लावल्या आणि २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ या कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. सांगायचा मुद्दा असा, की शिकायला लागणाऱ्या बाटल्या आपल्या जवळच तयार होतात.

बाटली आणण्याआधी स्वयंपाकघरात

हा सराव मी प्रत्येकाला करायला लावतो. अर्धा तास लागतो, खर्च काही नाही.

कोरा चहा दहा मिनिटं उकळा, साखर न घालता गार होऊ द्या. दुसऱ्या कपात पाण्यात अर्धं लिंबू पिळा. तिसऱ्यात तेवढंच लिंबू, पण दोन चमचे साखर घालून. शेजारी दोन वाट्या दूध ठेवा, एक साय काढलेलं पातळ गाईचं, एक म्हशीचं.

आता लिंबाचा घोट घ्या आणि गिळल्यावर थांबा. जिभेच्या कडांना, गालांच्या आत पाणी सुटतं. तो आंबटपणा. वाइन ताजी वाटते ती यामुळे. मग चहा. तोंड कोरडं पडतं, हिरड्या खरखरीत लागतात, जीभ टाळूला चिकटते. तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. तोंडाला पाणी सुटणं आणि तोंड कोरडं पडणं हे दोन अनुभव वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

साखर घातलेल्या लिंबात आंबट तितकंच आहे, तरी कमी लागतं. हाच वाइनमधला तोल. गोड वाइन चिकट न वाटता चांगली लागते ती तिच्यात आंबटपणा भरपूर असल्यामुळे. दुधाच्या दोन वाट्यांत चवीपेक्षा वजन तपासायचं आहे. म्हशीचं दूध तोंड भरून टाकतं, पातळ दूध पाण्यासारखं सरकून जातं. वाइनवाले याला ‘बॉडी’ म्हणतात.

इथेच ‘ड्राय’ या शब्दाचा घोळ मिटवून टाका. ड्राय म्हणजे साखर जवळपास न उरलेली वाइन. तोंड कोरडं पाडणारी, असा त्याचा अर्थ नाही. तोंड कोरडं पडतं ते तुरटपणामुळे. शिवाय वास फळाचा आला म्हणून वाइन गोड असते असंही नाही. पिकल्या पेरूचा घमघमाट असलेली वाइन अगदी ड्राय असू शकते. नाक गोडी सांगतं, जीभ नाही म्हणते. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

पांढरी आणि लाल

काळं द्राक्ष घ्या, बोटांनी चिमटून साल सोलून काढा. आतला गर हिरवट पांढरा निघेल. जवळजवळ सगळ्या काळ्या द्राक्षांचा गर असाच असतो, रंग फक्त सालीत. पांढऱ्या आणि लाल वाइनमधला मूळ फरक या एका कृतीत दिसतो.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आल्याबरोबर दाबून रस काढतात, चोथा बाजूला टाकतात आणि नुसता रस १२ ते १८ अंशांवर, सावकाश आंबवतात. थंडीमुळे नाजूक सुगंध उडून जात नाहीत. लाल वाइनसाठी द्राक्षं फोडून साल, बिया आणि रस एकत्रच आंबवतात, साधारण २५ ते ३० अंशांवर. आंबताना निघणारा वायू सगळी सालं वर ढकलतो आणि टाकीच्या तोंडाशी जाड थर जमतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस वर पंपाने फिरवावा लागतो, तेव्हा कुठे रंग आणि तुरटपणा उतरतो. काढणीच्या दिवसांत वायनरीत गेलात तर हा थर जरूर पाहा. जांभळा, ओला, मधूनच बुडबुडे फुटणारा, आणि आंबल्याचा वास असा की हातभट्टी आणि गुऱ्हाळ एकत्र आल्यासारखं वाटावं.

पांढऱ्यामध्ये सुरुवातीला दोन नावं पुरेत. सोव्हिन्यॉ ब्लांक: आंबटपणा खणखणीत, वासात चिरलेलं गवत, ढोबळी मिरची, कच्चा पेरू. शेनिन ब्लांक: सफरचंद, पिकला पेरू, मध. ती ड्रायही करतात आणि थोडी गोडसरही. दोन्हींचं मूळ फ्रान्समधलं. शेनिनचं सगळ्यात मोठं क्षेत्र आज दक्षिण आफ्रिकेत आहे आणि आपल्याकडेही ती छान रुजली आहे. तिसरं नाव शार्दने. हिची गंमत करण्याच्या पद्धतीत आहे. काही वेळा बॅक्टेरियाकरवी तिच्यातलं हिरव्या सफरचंदातलं आम्ल बदलून दह्यातलं, म्हणजे लॅक्टिक आम्ल होऊ देतात, आणि त्यात जो सुगंधी पदार्थ तयार होतो तो लोण्यातही असतो. ओकच्या लाकडी पिंपात ठेवली तर व्हॅनिलाचा वास उतरतो. म्हणून कोणी शार्दनेला लोण्याचा वास येतो म्हटलं तर त्याला हसू नका.

लालमध्ये शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉ. शिराझला फ्रान्समध्ये सिरा म्हणतात. तिला काळ्या फळांचा आणि कुटलेल्या मिऱ्यांचा वास येतो, आणि मिऱ्यांना ज्या रसायनामुळे तो वास असतो तेच शिराझच्या सालीतही सापडतं. कॅबर्ने जास्त तुरट, ताठ. ही जात कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यॉ ब्लांक यांच्या संकरातून झाली, हे १९९० च्या दशकात डीएनए तपासून सिद्ध झालं. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध लाल जातीची एक पालक पांढरी आहे. मर्लो यांच्यापेक्षा मऊ. पिनो न्वार फिकट, नाजूक आणि थंड हवेची. ती आपल्याकडच्या उन्हात सुखाने नांदत नाही, तेव्हा तिची चव घ्यायची तर बाहेरची बाटली घ्या.

गुलाबी, म्हणजे रोझे, ही लाल आणि पांढरी मिसळून करतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. शांपेनच्या भागात तशी मुभा आहे, एरवी काळ्या द्राक्षाची साल रसात काही तासच ठेवून काढून घेतात. रंग येतो, तुरटपणा फारसा येत नाही. आपल्या तिखट जेवणाबरोबर हीच मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि आपल्याकडे हिला मान फार कमी मिळतो, याचं वाईट वाटतं.

फेसाळ, गोड आणि कडक

स्पार्कलिंग वाइनमध्ये वायू वरून सोडलेला नसतो, निदान चांगल्या बाटलीत तरी. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून तिला बंद बाटलीत पुन्हा आंबवतात. वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरतो. आत ५ ते ६ वातावरणांइतका दाब तयार होतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. मग बाटल्या हळूहळू उलट्या करत गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात आणि बूच काढून गोठलेला गाळ उडवून देतात. शांपेन फक्त फ्रान्समधल्या शांपेन या भागातली. तशाच पद्धतीने दिंडोरीत केलेली असली तरी तिला स्पार्कलिंगच म्हणायचं. इटलीची प्रोसेक्को सहसा बाटलीऐवजी मोठ्या टाकीत आंबवतात, म्हणून ती स्वस्त आणि फळांच्या वासाची. लेबलवर ‘ब्रूट’ असेल तर ड्राय. ‘एक्स्ट्रा ड्राय’ त्याहून थोडी गोड असते, नावावर जाऊ नका.

गोड वाइन म्हणजे साखर ढवळलेली वाइन नव्हे. ‘लेट हार्वेस्ट’साठी घड वेलीवरच जास्त दिवस ठेवतात, साखर साठत जाते आणि सगळी आंबायच्या आत प्रक्रिया थांबवतात. नाशिकला शेनिनपासून अशी करतात. ‘फोर्टिफाइड’मध्ये मात्र खरोखरच वरून द्राक्षाचं मद्य घालतात. मघाशी सोडलेला प्रकार हाच. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट अशी असते. आंबण्याच्या मधेच मद्य घातलं की यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. गोव्याहून येताना लोक ‘पोर्ट वाइन’ म्हणून जी स्वस्त गोड बाटली आणतात तिचा दोरूशी संबंध फक्त नावापुरता. ती पिऊन ‘वाइन मला गोड लागते, आवडत नाही’ असं ठरवलेली कितीतरी माणसं मला भेटली आहेत. त्यांनी वाइन अजून चाखलेलीच नाही.

पहिल्या दोन बाटल्या

एकच बाटली आणू नका. एकट्या वाइनबद्दल नवख्याला काही सुचत नाही. दोन शेजारी ठेवल्या की जीभ आपोआप बोलू लागते. चार जण मिळून खर्च वाटून घ्या आणि एकाच वायनरीची सोव्हिन्यॉ ब्लांक आणि शेनिन ब्लांक आणा. वायनरी एक, वर्ष एक, फरक फक्त द्राक्षाचा. पुढच्या वेळी शिराझ आणि कॅबर्ने. त्यानंतर नाशिकची सोव्हिन्यॉ आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यॉ, म्हणजे जात तीच आणि जमीन वेगळी.

लेबलवर द्राक्षाची जात, वर्ष, गाव आणि अल्कोहोलची टक्केवारी पाहा. वर्ष म्हणजे काढणीचं. ज्यांना लाकडाचा वास दिलेला नाही अशा आपल्याकडच्या पांढऱ्या आणि गुलाबी वाइन ताज्याच प्याव्यात, वर्षा-दोन वर्षांच्या आत. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे जगातल्या बहुतेक बाटल्यांना लागू नाही. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला स्पेनमध्ये कायद्याने अर्थ आहे, सगळीकडे तसा नाही. फ्रेंच लेबलवर बहुधा द्राक्षाऐवजी गाव लिहिलेलं असतं: शाब्ली म्हणजे शार्दने, सांसेर पांढरी असेल तर सोव्हिन्यॉ ब्लांक, बर्गंडीची लाल म्हणजे पिनो न्वार, बोर्दोची लाल म्हणजे मुख्यतः कॅबर्ने आणि मर्लोचं मिश्रण.

दुकानात बाटली कुठे ठेवली आहे ते बघा. काचेजवळ, उन्हात उभी असेल तर ती कितीही महागाची असो, घेऊ नका. बूच बाहेर सरकलेलं दिसलं तर बाटली बहुधा तापली होती असं समजा. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका. ताज्या वाइनसाठी ते बुचापेक्षा चांगलं काम करतं.

तापमान

माझी पहिली लाल वाइन मी मे महिन्यात एका हॉटेलात प्यायलो. ‘रेड रूम टेंपरेचरलाच देतात सर,’ असं सांगून वाढप्याने ती शेल्फवरून काढून दिली. खोलीत बत्तीस अंश असतील. नाकात नुसतं स्पिरिट चढलं, जीभ जळजळली, आणि पुढची दोन वर्षं मी लाल वाइनच्या वाटेला गेलो नाही. आज त्या दोन वर्षांचं वाईट वाटतं. ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे. लाल वाइनला १६ ते १८ अंश लागतात, म्हणून आपल्याकडे ती उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायचीच. एवढ्या एका गोष्टीने तिची चव जितकी सुधारते तितकी महागड्या ग्लासाने सुधारत नाही.

पांढरी आणि गुलाबी ८ ते १२ अंशांवर. रात्रभर फ्रिजमध्ये असेल तर दहा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार वाइनचा वास दबून जातो. स्पार्कलिंग ६ ते ८. घाई असेल तर बादलीत नुसता बर्फ न घालता बर्फ आणि पाणी घाला, मूठभर मीठ टाका, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. ग्लासात बर्फ मात्र नको.

स्पार्कलिंगचं बूच उडवू नका, डोळ्यांना इजा होऊ शकते. तारेची कडी सहा अर्ध्या वळशांत सुटते. ती सोडताना अंगठा बुचावरच ठेवा. बाटली तिरपी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा, बूच नाही. ‘फुस्स’ असा हलका आवाज आला म्हणजे जमलं.

ग्लास हातात घेतल्यावर

ग्लास काचेचा, वरती थोडा निमुळता असावा आणि एक तृतीयांशच भरावा. उरलेली जागा वासासाठी असते. दांडी असेल तर दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती, अत्तर आणि फोडणी नको.

आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून रंग पाहा. मग न हलवता एकदा वास घ्या, मग ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. दुसरा वास मोठा असतो. जो पहिला शब्द सुचेल तो वहीत लिहा, पुस्तकातला शब्द शोधू नका. गेल्या पावसाळ्यात माझी मावशी पहिल्यांदाच बसली होती. सोव्हिन्यॉचा ग्लास नाकाशी नेऊन ती म्हणाली, “अरे, ही तर पीठ पेरून भाजी करताना ढोबळी मिरची चिरल्यासारखी.” मग थांबून, जरा लाजून, “काहीतरीच बोलले ना?” तिला सांगितलं, की ढोबळी मिरचीला जो वास असतो तो देणारं रसायन सोव्हिन्यॉ आणि कॅबर्ने या दोन्ही द्राक्षांत असतं. ती अगदी बरोबर होती. पुढच्या तासाभरात तिने शेनिनला फणसाचा गरा, शिराझला मिरी आणि कोकम अशी नावं दिली आणि मी ती माझ्या वहीत उतरवून घेतली.

घोट मोठा घ्या, तोंडात चार-पाच सेकंद फिरवा. आता स्वयंपाकघरातला सराव आठवा. पाणी सुटलं का? हिरड्या आवळल्या का? साखर आहे का? वजन पातळ दुधाचं की म्हशीच्या? घशात ऊब किती? आणि गिळल्यानंतर चव किती वेळ राहते ते मोजा. तीन सेकंदांत गेली तर साधी, दहा-पंधरा सेकंद रेंगाळली तर चांगली. चार बाटल्या चाखायच्या असतील तर घोट थुंकायला भांडं ठेवा. वायनरीतली माणसंही थुंकतातच, त्यात अपमान नाही.

बिघडलेली बाटली ओळखायला शिका. भिजलेल्या गोणपाटाचा, दमट पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष. व्हिनेगरचा आला तर आंबून पुढे गेलेली. पांढरी वाइन तपकिरी झाली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी वाटली तर हवा लागलेली. हॉटेलात बाटली उघडून थोडी ओततात ती आवडली का हे विचारण्यासाठी नाही, बिघडलेली नाही ना हे तपासण्यासाठी. बिघडली असेल तर बेधडक परत करा.

ताटाबरोबर

तिखट आणि तुरट यांचं जमत नाही. मिरचीची आग तुरटपणाने आणि जास्त अल्कोहोलने भडकते. म्हणून मिसळ किंवा तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने नको. किंचित गोडसर शेनिन किंवा गार रोझे घ्या. तळलेल्या पदार्थांना आंबटपणा आणि फेस हवा. तळलेले बोंबील आणि ब्रूट स्पार्कलिंग यांची जोडी मी कुणालाही बिनधास्त सुचवतो, बटाटेवड्याबरोबरही तितकीच छान. कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, कोळंबीची खिचडी यांच्यासोबत सोव्हिन्यॉ. सुक्या मटणाला, ज्यात मसाला आहे पण आग नाही, शिराझ शोभते. तिच्यातली मिरी मसाल्यातल्या मिरीला भेटते, आणि मटणातली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा मऊ करतात.

गोडाबरोबर वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट पाणी लागते. लेट हार्वेस्टसुद्धा पुरणपोळीपुढे टिकत नाही. मी करून पाहिलं आहे. फळं घातलेलं श्रीखंड कमी गोड असेल तर जमतं.

उरलेली बाटली

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात. दोघांत ती संपवायची नाही. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, लालसुद्धा. पांढरी तीन ते पाच दिवस, लाल तीन-चार दिवस, स्पार्कलिंग जेमतेम दुसऱ्या दिवसापर्यंत. छोटी स्वच्छ बाटली जवळ असेल तर उरलेली तिच्यात गळ्यापर्यंत भरा, हवा कमी लागते. न उघडलेली बाटली ओट्यावर, फ्रिजच्या डोक्यावर किंवा माळ्यावर ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कपाटात, बुचाची असेल तर आडवी.

आणि नाशिकला यायचं असेल तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत या. तेव्हा घड वेलीवर असतात, टाक्या भरलेल्या असतात. शनिवार-रविवारी गर्दी असते, मधल्या वारी या, म्हणजे माहिती देणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ मिळेल. गाडी चालवायला न पिणारा माणूस बरोबर आणा. चाखण्याच्या खोलीत शिरण्याआधी बागेत जा, विचारून एक काळा मणी तोडा, साल आणि बीसकट सावकाश चावा. मग आत जाऊन त्याच जातीचा ग्लास मागा.